चाल : हॅरिएट

गीत दोनशे चौदा. पानाच्या उजव्या कोपऱ्यात
मुंगीएवढ्या टायपात एक नाव : एलकाना थ्रॉप.
डाव्या कोपऱ्यात चालीचं : हॅरिएट.
खाली आकडे, आठ सात आठ सात,
खाटेच्या पायथ्याशी तापाचे लटकवतात तसे.

बत्तीस वर्षं मी मिरजेत मिशन दवाखान्यात नर्स होते
आणि रविवारी पायपेटीवर.
दोन्हीकडे काम एकच : श्वास चालू ठेवायचा,
हातांनी नाहीतर पायांनी.

थ्रॉपची हकीकत मिस ऑल्डननं सांगितली,
कायमची परत निघाली तेव्हा,
लिलावासाठी कपबश्या पुसता पुसता.
व्हरमाँटचा माणूस. घोडागाडीत ऑर्गन घालून
खेडोपाडी हप्त्यानं विकायचा,
आणि हप्ता बुडवणाऱ्यांच्या पायरीवर
वाट बघत चाली लिहायचा.
एका चालीचे तीन डॉलर. हक्कबिक्क काही नाही.
दोनशे केल्या. टिकली ही.

आणि हॅरिएट?
कुणी म्हणतं घटसर्पानं गेलेली मुलगी,
कुणी म्हणतं गाडीची घोडी.
मिस ऑल्डनला घोडी पसंत होती.
मी घटसर्प पाहिलेला आहे.
मी बशी पुसत राहिले.

शब्द आपले, शांतवन मास्तरांचे.
‘करुणा’तला ‘रु’ उगाच लांबू नये म्हणून
मास्तरांनी अर्धी मात्रा उसवली, पुन्हा टाके घातले.
थ्रॉपला कळवायचं राहिलं.
तो जाऊन तेव्हाच चाळीस वर्षं झाली होती.

उंदरांनी भाता खाल्ला त्या उन्हाळ्यात
सतारीवाल्यांच्या गल्लीतून इलाहीमामू आले,
कातडं, सरस आणि बारीक कानस घेऊन.
दोन दिवस पेटीत डोकं घालून बसले.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, वाजवा काहीतरी.
बोटं आपोआप दोनशे चौदावर गेली.

मामूंनी डोळे मिटले.
‘बाई, हा तर भूप.’
म्हटलं, मामू, अमेरिकेची चाल आहे.
‘असू दे की. तिकडंही संध्याकाळ होत असेल.’

मग तिसऱ्या ओळीवर डोळे उघडले.
‘इथं बोट पडतं, आवाज नाही.’

मला ठाऊक होतं. ती पट्टी
मी यायच्या आधीपासून मुकी.
बाकीच्या गाण्यांत गलक्यात खपून जायची,
पण इथं सूर एकटाच पायरी चढतो,
आणि तिथं तीन पिढ्यांनी
फक्त श्वास घेतला होता.

मामूंनी चिमट्यानं पत्ती ओढून काढली.
पितळेच्या जिभेवर कुंभारमाशीचं घर,
वाळून दगड झालेलं, आत कुणी नाही.
टिचकीनं उडवलं, फुंकर घातली, बसवली.
निषाद.
‘भूपात निषाद!’ मामू हसले.
‘पाहुणा दिसतो. बसू द्या.’

रविवारी सगळी मंडळी एकाच ठिकाणी चुकली.
याकोब आवळ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं,
विश्रांतीबाई मध्येच थांबल्या,
पोरं खिदळली.
सूचना वाचताना पाळकसाहेब म्हणाले,
पेटी दुरुस्त झाली की बिघडली, बाई?

पुढच्या रविवारी तिथं आल्यावर
मी बोट उचलून धरलं.
मंडळीनं श्वास घेतला. गीत पुढं गेलं.

आता उपासना संपली, सतरंज्या गुंडाळल्या,
याकोब किल्ल्या शोधायला लागले
की तिसरी ओळ एकदा वाजवते,
छापलीय तशी, एकही सूर न गाळता.
तीन डॉलरांत त्यानं तोही दिला होता.
मुलगी असो, नाहीतर घोडी,
हाक मारायची तर अर्धी कशाला मारायची.

मग झाकण लावते.
भात्यापाशी दोन डांबरगोळ्या.